खोकडाची झोप

"…मग खोट आहे तरी कुठं, तेवढं सांगा उस्ताद."

उस्ताद जरा पुढं वाकले. समोर चादरीवर ठेवलेल्या खोकडाकडं ते बघत राहिले.

कोल्ह्याहून लहान, मांजराहून जरा मोठं असं ते जनावर. दात विचकलेले, मान खाली घातलेली, पाठीवरचे केस ताठ. शेपटीचं काळं टोक तर आणणाऱ्यानं फणीनं विंचरून आणलं होतं.

आणणारा होता जयसिंग शितोळे, पाटबंधारे खात्यातला ओव्हरसियर. लोखंडी चाप लावून रानातली जनावरं धरायची, त्यांची कातडी घरीच कमवायची आणि आत भुसा भरून ती जिवंत असल्यासारखी उभी करायची, हा त्याचा नाद. कुणी शिकवलेलं नव्हतं. चुकत चुकत, कातडी नासवत तो आपला आपण शिकला होता आणि आता तालुक्यात त्याच्या तोडीचा कुणी उरला नव्हता. निदान त्याला तरी तसं वाटत होतं.

उस्ताद म्हणजे मौला नदाफ. घराणं पिंजाऱ्याचं. बापानं राजवाड्यातल्या गाद्या भरल्या, मुलानं राजेसाहेबांचे वाघ भरले. त्यांनी भरलेला बिबट्या देवडीत ठेवला, तर राजेसाहेबांचा घोडा सहा महिने त्या वाटेनं गेला नाही म्हणतात. पुढं संस्थान विलीन झालं, शिकारखाना मोडला, आणि उस्ताद पुन्हा गाद्यांवर आले. आताही ते कापसाच्या ढिगाशेजारी बसले होते. भुवयांवर कापूस होता.

"कातडं हातात धरून तर बघा," जयसिंग म्हणाला. "दोन दिवस मिठात होतं. मग तुरटीचं पाणी, वरून हिरड्याचा काढा. अंड्याचा बलक मी बोटांनी चोळतो, ब्रश वापरत नाही. मग दोरावर ओढून ओढून मऊ करतो."

उस्तादांनी पोटाखाली बोटं घातली. कातडं अंगठ्याखाली फिरवून बघितलं.

"चांगलं कमावलंय."

"टाका दिसतोय कुठं?"

"नाही."

"मग?"

"हा चेहरा तुम्ही कुठं बघितला, शितोळेसाहेब?"

"चापात. सकाळी चाप बघायला गेलो, तेव्हा असंच उभं होतं. हुबेहूब."

"त्याच्या समोर कोण होतं?"

"कुणी नव्हतं. मी एकटाच."

"घरात अशी किती आहेत?"

"एकतीस. कोल्हे आहेत, रानमांजरं आहेत, उदमांजर आहे…"

"सगळ्यांचे दात बाहेर?"

"त्यानंच तर जिवंतपणा येतो."

उस्तादांनी भुवईवरचा कापूस चिमटीत काढला आणि परत ढिगात टाकला.

"एकतीस जनावरं तुमच्याकडं बघून दात विचकतायत. आणि तुम्ही त्यांच्यात बसून पान खाता."

जयसिंगच्या तोंडात खरोखरच पान होतं. ते त्याला चघळता येईना की थुंकता येईना.

अनेकांनी त्याची ती भरलेल्या जनावरांची खोली बघितली होती. मामलेदार बघून गेले, डॉक्टर बघून गेले. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. असं मात्र कुणी बोललं नव्हतं. बायको गजराबाई त्या खोलीत कधी पाऊल टाकत नसे. केर काढायला सुद्धा नाही. तिला वास सहन होत नसेल, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

पान गालात सरकवून त्यानं विचारलं, "मला शागीर्द करून घ्याल?"

"निजलेलं खोकड भरून आणा. मग बघू."

"एवढंच?"

"एवढंच."

घरी येताना तो मनात हसला. डोळे मिटायचे की झालं. मुंबईहून मागवलेले काचेचे डोळे सुद्धा लागणार नाहीत.

दुसऱ्याच दिवशी त्यानं एक कमावलेलं कातडं काढलं, तार वाकवली, तारेवर सुतळीनं गवत बांधायला घेतलं.

आणि हात अडला.

निजताना ते नाक कुठं ठेवतं? पायात की पोटाशी? शेपटी नाकावर येते की खाली राहते? पाठीचा कणा किती वाकतो? कान पडतात की उभे राहतात?

चाळीसेक खोकडं त्याच्या हाताखालून गेली होती. त्यांच्या जिभेखालचा रंग त्याला माहीत होता. पण निजलेलं एकही त्यानं बघितलं नव्हतं.

त्यानं ते गवत तसंच टाकलं आणि तो कितीतरी वेळ मोकळ्या तारेकडं बघत बसून राहिला.

खडकओहळापाशी पाटाचा जुना भराव होता. मुरमाचा. त्यात खोकडाचं बीळ आहे हे त्याला ठाऊक होतं, कारण चाप तिथं लावायचं त्यानं कधीच मनात धरलं होतं. आता तो तिथं मोकळ्या हातानं गेला. बरोबर एक वही, एक पेन्सिल, पाण्याचा तांब्या. एका बाभळीखाली बसला.

पहिले आठ दिवस त्याला फक्त काळं टोक दिसलं. बिळात नाहीसं होणारं.

नवव्या दिवशी ती बाहेर येऊन उभी राहिली. मादी होती. उजवा कान जरा फाटलेला. तिनं त्याच्याकडं बघितलं, हवा हुंगली आणि आत गेली. दात दाखवले नाहीत.

पंधराव्या दिवशी पिल्लं दिसली. तीन.

तो रोज सकाळी पाटाची फेरी आटपून तिथं बसू लागला. घरी जेवायला येईना, तेव्हा गजराबाई भाकरी घेऊन भरावावर आली. आधी ती उभ्याउभ्याच परत जायची. एक दिवस पिल्लानं नाकतोडा धरायला उडी मारली आणि ते कोलांटी खाऊन पडलं, तर ती हसली. मग पदर सावरून खाली बसली.

लग्नाला बारा वर्षं झाली होती. घरात मूल नव्हतं. नवराबायको एकमेकांशी कामापुरतं बोलायचे. त्या बाभळीखाली मात्र ती दोघं कुजबुजत तासन्‌तास बसू लागली.

"ते बारकं बघा, आईची शेपटी ओढतंय."

"तू हलू नको."

"मी कुठं हलतेय? तुम्हीच पेन्सिल वाजवताय."

गजराबाई भाकरीचा तुकडा लांब टाकायची. दुसऱ्या दिवशी थोडा जवळ. तिसऱ्या दिवशी आणखी जवळ. फाटक्या कानाची ती मादी येऊन तुकडा उचलायची आणि तिथंच खायची. गजराबाईनं तिला नावही ठेवलं होतं, पण ते नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

एक महिना आणि वर काही दिवस झाले असतील. ऊन वर आलं होतं. मादी बिळातून बाहेर आली, दोघांपासून पाचसहा हातांवर मऊ मुरमात गोल फिरली, आणि त्यांच्याकडं पाठ करून निजली.

जयसिंगनं श्वास रोखला.

नाक मागच्या पायाच्या सांध्यात. शेपटी वरून, पण नाक झाकलेलं नाही. बरगड्या किती वर येतात, हे तो मोजत बसला. डावा कान पडलेला होता. फाटका कान मात्र जागा होता. पाटाच्या पलीकडं वस्तीवरची कुत्री असायची, त्या अंगाला तो वळलेला होता.

असं तिनं पुढं रोज केलं. वही भरत आली.

वही भरली आणि जयसिंगचं मन वेगळ्या वाटेला लागलं. नक्की कुठल्या दिवशी, ते त्याला पुढं कधी सांगता आलं नाही. एवढंच आठवत होतं की, पिल्लं आता आपलं आपण धरून खातात, असा एक विचार आला. दुसरं कुठलंही खोकड घेतलं तर त्याची हाडं निराळी, वळण निराळं, असाही आला. उस्तादांपुढं जायचं तर हीच न्यायला हवी, असा आला. एकेक विचार वेगळा बघितला तर शहाण्यासारखाच होता.

गजराबाई दोन दिवस माहेरी गेली होती, तेव्हा त्यानं चाप काढला. जबड्यांना फडकी गुंडाळली, कातडी फाटायला नको म्हणून. ती जिथं निजायची, तिथंच मुरमाखाली पुरला.

आजवर चाप लावला की तो दूर जायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला यायचा. माणसाचा वास आला तर जनावर फिरकत नाही. या खेपेला तो तिथंच बाभळीखाली बसून राहिला. त्याचा वास नसता, तरच ती बिचकली असती.

ती आली. गोल फिरली. चाप मिटला.

ती किंचाळली, उसळली, साखळीला हिसडे देऊ लागली. जयसिंग काठी घेऊन पुढं झाला. कातडीला भोक नको म्हणून तो बंदूक वापरत नसे. काठीनं मान दाबायचा.

तो जवळ आला, तशी ती गप्प झाली.

दात विचकले नाहीत. केस उभे केले नाहीत. ती साखळीच्या टोकापर्यंत त्याच्या बाजूला सरकली आणि त्याच्या पायापाशी थांबली. धाप लागली होती. वर बघत होती.

असं कुठल्याच जनावरानं कधी केलं नव्हतं. काठी हातात तशीच राहिली. चापाची कळ पायानं दाबली असती तर तो उघडला असता. पाय तिथंच होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक.

मग त्यानं काठी खाली आणली.

गजराबाई परत आली तेव्हा तो मागच्या पडवीत ओंडक्यावर कातडं ताणून बोथट पातीनं आतला चरबीचा मांदा खरवडत होता. दारात ती थबकली. आतली बाजू वर होती, केस खाली. पण टोकाशी एक कान बाहेर आला होता. फाटका.

ती ओरडली नाही. रडली नाही. आत गेली. चुलीवर तवा चढवल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं भाकरी करपल्याचा वास आला, मग धूर आला. जयसिंग उठून आत गेला. ती चुलीपुढं हात मांडीवर ठेवून बसली होती आणि जळत्या भाकरीकडं बघत होती. त्यानं तवा उतरवला.

"ही खेप शेवटचीच," तो म्हणाला. "उस्तादांसाठी."

ती म्हणाली, "सखू नाव होतं तिचं."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

जयसिंगनं त्या कामात जीव ओतला. कातडं मिठात, तुरटीत, हिरड्यात ज्याच्या त्याच्या मापानं ठेवलं. कीड लागू नये म्हणून आतून सोमलाचं विष लावलं. तारेला कण्याचं नेमकं वळण दिलं. बरगड्या श्वास आत घेतल्यावर जिथवर वर यायच्या, तिथवर शाडूनं उचलल्या. पापण्या सुकताना आकसतात, मग डोळा किलकिला दिसतो. म्हणून तो आठ दिवस टाचण्या घेऊन शेजारी बसला. दर घटकेला एकेक टाचणी केसभर हलवायची. जेवण नाही, दाढी नाही.

काम पुरं झालं, तेव्हा तो चार पावलं मागं सरकला आणि भिंतीला टेकला.

ती निजली होती.

आपलंच काम बघून त्याला आनंद व्हायला हवा होता. तो कुठं अडकला, ते कळेना.

चादर न घेता गजराबाईची मऊ गोधडी घेऊन त्यानं त्या मादीला गुंडाळलं आणि उस्तादांकडं नेलं.

उस्ताद एका गादीला दोरे घालत होते. जयसिंगनं गोधडी जमिनीवर ठेवली आणि उलगडली.

"उस्ताद, बघा…"

उस्तादांनी झटकन ओठांवर बोट ठेवलं.

म्हाताऱ्यानं सुई गादीत खोचली. आवाज न करता उस्ताद गुडघ्यांवर पुढं सरकले आणि निजलेल्या जनावराशी वाकून बसले. मग कुजबुजले.

"हळू बोला. श्वास चाललाय हिचा."

जयसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याच्यासाठी एवढं केलं, तेच शब्द होते ते.

"हा कान?" उस्तादांनी हात न लावता विचारलं.

"जागा आहे. त्या अंगाला कुत्री असायची." तोही कुजबुजत होता.

"हं… आणि ही पाठ? पाठीमागं कुत्री नव्हती?"

"नाही."

"लांडगा, तरस, काहीच नाही?"

"नाही."

"पाठ अशी सैल कुणी ठेवत नाही, शितोळेसाहेब. आईच्या पोटाशी असलेलं पिल्लू ठेवतं. रानातली मादी ठेवत नाही. कोण होतं हिच्या पाठीशी?"

"मी," जयसिंग म्हणाला.

उस्तादांनी मान वर केली. आता कुठं त्यांनी नुसतं काम सोडून समोरच्या माणसाकडं बघितलं. वाढलेली दाढी, टाचण्यांनी भोकं पडलेली बोटं.

"ही… तीच?"

"तीच."

"जी निजायची, तीच?"

"तुम्हीच म्हणाला होता उस्ताद, निजलेलं खोकड भरून आणा."

म्हाताऱ्याचा हात गादीकडं गेला, आधाराला. सुई बोटात शिरली. त्यांनी ती उपसली, पण रक्ताकडं बघितलं नाही.

"मला वाटलं होतं…" ते म्हणाले आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "मला वाटलं होतं, महिनाभर बघशील, आणि एक दिवस रिकाम्या हातानं येशील. सांगशील की, उस्ताद, नाही जमत. चाळीस वर्षांत तिघांना मी हेच काम दिलं. तिघेही रिकाम्या हातानं आले. तिघांनाही मी शागीर्द केलं."

भराव, बाभळ, साखळीच्या टोकाशी थांबलेली ती मादी, सगळं जयसिंगच्या डोळ्यांपुढून गेलं. कळ पायाखाली होती. नुसता पाय दाबायचा होता.

"चापात तिनं दात नाही विचकले," तो एकदम बोलून गेला. "माझ्यापाशी आली. सोडवायला आलोय असं वाटलं असेल तिला."

उस्तादांनी सुई टोचलेलं बोट कापसात दाबलं.

"दुसऱ्या दिवशी मी चाप काढायला गेलो. पिल्लं आली. तिन्ही. माझ्या अंगाला तिच्याच रक्ताचा वास होता, तरी शेजारी येऊन बसली. मी ढेकळं मारली. ती लांब जायची आणि परत यायची."

उस्ताद ऐकत होते. कापूस पिंजायची धुनकी भिंतीला टेकवलेली होती, तिच्या ताणलेल्या तातीवर एक माशी बसली, तेवढा बारीक आवाज झाला.

"घरात बायको बोलत नाही. त्या खोलीत मला बसवत नाही. सगळी माझ्याकडंच बघतात. ही एकटी बघत नाही, पण हिच्याकडं मला बघवत नाही." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "उस्ताद, मी हे सोडून दिलं तर ती फुकट गेली. नाही सोडलं तर… मला काय ते कळत नाही. तुम्ही हाकलून दिलं तरी चालेल. पण काहीतरी सांगा."

उस्तादांनी त्याला हाकललं नाही. ते निजलेल्या जनावराच्या पाठीकडं बघत राहिले. मग जयसिंगकडं. त्यांचेही डोळे भरले होते.

"तुझ्याएवढं काम मला कधी जमलं नाही," ते कुजबुजले. मघापासून ते त्याला अरेतुरे करत होते. "शागीर्द केला तुला. जा."

"आणि पुढचं काम?"

मौला उस्तादांनी गोधडीचं टोक हलकेच त्या अंगावरून बाजूला केलं.

"आता हिला उठव."